जिन्यावरच्या खिडक्या

घराला खिडकी हवी, यांत मतभेदाला जागा नाहीं. परंतु जी खिडकी रोज वारा देते, तीच एखाद्या रात्रीं पळत्या माणसाच्या अंगावर ज्वाळा सोडूं शकते, हें सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं.

आमच्या इमारतीच्या मागें आगीच्या प्रसंगासाठीं बांधलेला लोखंडी जिना आहे. प्रत्येक मजल्यावरच्या एका स्वयंपाकघराची खिडकी त्यावर उघडते. त्यांत एक आमचीही. कोणाकडे काय शिजतें आहे हें त्या वाटेनें जातांना कळतें, आणि तो शेजार आम्हांस गोडही वाटतो. पण फोडणीचा वास जेथून येतो, तेथूनच आगही येईल. साधी कांच तापली कीं तडकून गळते. मग खालच्या मजल्यावरची एक खिडकी वरच्या सर्वांची वाट अडविते.

न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्यास २५ मार्च १९११ रोजीं लागलेल्या आगींत १४६ माणसें दगावलीं. तेथेंही बाहेरून लोखंडी जिना होता. आगीच्या तापानें आणि उतरणाऱ्यांच्या भारानें तो कोसळला. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेंतही (२०१६) बाहेरच्या जिन्यावर वा त्याच्या निकट खिडकी उघडूं नये, असें सांगितलें आहे.

आधींच असलेली खिडकी बुजवावी, हा सरळ उपाय. वारा कमी होईल म्हणून आमच्या घरांतही कुरकुर झाली. परंतु आपल्या खिडकीपुढूनच शेजाऱ्यांचीं मुलें उतरणार आहेत, हें एकदां मनांत आलें म्हणजे ती कुरकुर फार वेळ करवत नाहीं.