पवित्र्यात परतणे

संकटसमयी चित्त स्थिर राहावे ही आकांक्षा मनुष्यजातीइतकीच पुरातन असली, तरी त्या स्थैर्याचे शिक्षण पायांपासून सुरू होते, हे मला रायपूरच्या समता कॉलोनीत, एका मोकळ्या आवारात पहाटे चालणाऱ्या लाठीच्या तालमीत उमगले. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, तेव्हापासून मराठी कुटुंबे कधी फौजेबरोबर, कधी दफ्तराबरोबर या मुलखात येऊन स्थायिक झाली. आणि आमचे वृद्ध वस्ताद जी विद्या शिकवीत, ती अशाच एका, त्यांच्या घरात पिढीजात चालत आलेली होती.

आरंभी कित्येक दिवस त्यांनी हाती काठी दिलीच नाही. गुडघे किंचित वाकवून, दोन्ही पावलांवर सारखा भार तोलून उभे राहणे, म्हणजेच पवित्रा, एवढाच पाठ असे. पुढे समोरून प्रत्यक्ष काठी येऊ लागली, तेव्हा श्वास कोंडे, मूठ आवळली जाई, दृष्टी काठीच्या टोकाला खिळून राही, आणि जी केवळ हूल होती तिच्या निवारणार्थ सारे बळ खर्ची पडल्यामुळे खऱ्या वाराला बाजू उघडी सापडे. “काठीकडे नको पाहू, खांद्याकडे पाहा,” असे वस्ताद म्हणत. कारण टोक पाहिजे तसे फसवू शकते, परंतु पूर्ण जोराचा वार करावयाचा तर खांद्याला आधी वळावेच लागते. श्वास सावकाश सोडला असता हृदयाची गती मंदावते, हे शरीरशास्त्राचे सत्य त्यांनी शास्त्राचे नावही न घेता आमच्या अंगवळणी पाडले; आणि श्वास मोकळा झाला की, मघापर्यंत न दिसणारा खांदा दिसू लागे.

तथापि ज्याचा पवित्रा कधी मोडतच नाही, असा खेळाडू मी पाहिला नाही. वस्ताद रागावत, ते पवित्रा मोडला म्हणून नव्हे, मोडल्यावर आम्ही खंत करीत रेंगाळत असू म्हणून. जिगोरो कानो यांनी 1882 साली टोकियोत कोडोकान स्थापून ज्या ज्यूदोची परंपरा सुरू केली, तीतही शिष्याला प्रथम पडावयास शिकवतात: हनुवटी छातीशी घेऊन मस्तक सांभाळावे, तळहात जमिनीवर आपटून आघात विखरू द्यावा, आणि तत्काळ उठावे. पडण्याचे भय गेल्यावाचून उभे राहण्यात निश्चिंतता येत नाही, हा त्यातला आशय मला फार मोलाचा वाटतो.

या आशयाचे उदाहरण छत्तीसगडच्याच इतिहासात आहे. मराठी मातृभाषेच्या ज्या माधवराव सप्र्यांनी 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, त्यांना 1908 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, आणि आप्तांच्या आग्रहाखातर माफीनामा देऊन ते सुटले. अशा प्रसंगानंतर खचून जाणे किती सोपे होते! परंतु त्यांनी दासबोधाच्या अनुशीलनाने स्वतःला सावरले, त्या ग्रंथाचे आणि पुढे टिळकांच्या गीतारहस्याचे हिंदी भाषांतर केले, आणि 1924 साली डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. हाती काठी नसतानाही त्यांनी जे साधले, त्याला मी पवित्र्यात परतणेच म्हणतो.

आईच्या दुखण्यात एका रात्री शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याचा प्रसंग माझ्यावर आला, तेव्हा काळजाचे पाणी झाले होते. पण पावले आपसूक जमिनीवर घट्ट टेकली, श्वास लांब सुटला, आणि मजकूर पूर्ण वाचून, विचारावयाचे ते विचारून मगच मी सही केली. भीती गेली नव्हती. तिच्यासह वागता आले, एवढेच.

म्हणूनच आमच्या वस्तीतील पालक मुलामुलींना कराट्याच्या किंवा लाठीच्या वर्गाला घालताना पट्ट्यांची आणि प्रशस्तिपत्रकांची चौकशी करतात, तेव्हा त्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की, लेकरांना तेथे निर्धास्त पडू द्या, हरू द्या. कारण आयुष्यातले आघात पूर्वसूचना देऊन येत नाहीत, आणि उठण्याचा सराव ज्याच्या शरीराला आधीपासून आहे, त्याच्या मनाला त्या घटकेस तो उसना मागावा लागत नाही.