तिरपे खुंटे

आजी माझ्या दातांच्या दवाखान्यात आल्या तेव्हा खालची कवळी पदराच्या टोकात बांधलेली होती. "घरात लावतच नाही बाई. कुणी आलं की तेवढी घालते." बावीस वर्षांची कवळी. तोंडात पाहिलं तर खालच्या हिरडीचा उंचवटा जवळपास सपाट. दात गेला की त्याला धरून असलेलं हाड झिजायला लागतं आणि वर्षानुवर्षं झिजत राहतं. उजवीकडे एका जागी बोट टेकवलं आणि आजी कळवळल्या. खालच्या ओठाकडे जाणारी नस जिथून हाडाबाहेर येते ती ही जागा. हाड इतकं खाली गेलंय की नस वर आलीय आणि कवळी रोज नेमकी तिच्यावर बसते. "होईल सवय" असं त्यांना बावीस वर्षं सगळे सांगत आले. ही सवय होण्यासारखी गोष्टच नव्हती.

*

अशा वेळी इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवून त्यावर दात जोडायचे टायटॅनियमचे स्क्रू, कामी येतात. ते तिरपे का घालायचे, याचं मर्म या नसेतच आहे. दोन्ही बाजूंच्या नसांच्या मधलं, हनुवटीकडचं हाड म्हातारपणीही बहुधा टिकून असतं. तिथं चार स्क्रू बसतात. पण चारही सरळ उभे बसवले तर सगळे पुढे दाटीनं येतात आणि दाढा मागे अधांतरी राहतात. घास तर दाढेनं चावायचा. म्हणून मागचे दोन स्क्रू तिरपे घालायचे, 30 ते 45 अंशांत. टोक नसेच्या पुढे, सुरक्षित हाडात. डोकं मात्र मागे झुकून नसेच्या वरून पलीकडे निघतं. आधार मागे सरकतो आणि अधांतरी भाग आखूड होतो. वरच्या जबड्यात नसेऐवजी सायनसची पोकळी आडवी येते. तिच्या पुढच्या भिंतीला समांतर तिरपा स्क्रू घातला की पोकळीत हाड भरायचं आणि महिनोन्महिने थांबायचं, हे पुष्कळदा टळतं.

एका शेतकरी काकांनी एक्स-रे पाहून विचारलं, "कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबाला तिरका टेकू देतो, तसं का?" दिसायला तसंच. पण तो टेकू ताण पेलायला असतो, आणि इथं तिरपेपणा वाट काढण्यासाठी आहे. विहिरीला वळसा घालून पाट नेतात, ते जास्त जवळचं. गेलेलं हाड परत आणण्याचा हट्ट न धरता उरलेल्या हाडाचा मान राखायचा, हे मला या पद्धतीत सगळ्यात आवडतं.

*

लिस्बनच्या पाउलो मालो यांनी या पद्धतीचा खालच्या जबड्यासाठीचा पहिला अहवाल 2003 मध्ये प्रसिद्ध केला: 44 रुग्ण, 176 इम्प्लांट. वरच्या जबड्याचा 2005 मध्ये. पण मूळ त्याच्या खूप आधीचं, स्वीडनमधलं. 1952 मध्ये लुंडला पेर-इंगवार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी काम संपल्यावर काढायला गेले, तर निघेना. हाडानं तिला आपलंसं केलं होतं. 1965 मध्ये योस्ता लार्सन यांच्या जबड्यात त्यांनी आपले पहिले इम्प्लांट बसवले. लार्सन 2006 मध्ये गेले, तोवर ते इम्प्लांट कामात होते.

*

'एका दिवसात पक्के दात' ही पाटी मला खटकते. त्या दिवशी बसतात ते ॲक्रिलिकचे तात्पुरते दात, तेही स्क्रू हाडात पुरेसा घट्ट बसला तर. पाना साधारण 35 न्यूटन-सेंटिमीटर दाखवतो का, हे बघायचं. त्या आकड्याशी काटा पोचेपर्यंत मी अजूनही श्वास रोखून धरते. चारही स्क्रू दातांच्या एकाच सलग पट्टीनं, म्हणजे पुलानं, बांधले की एकमेकांना हलू देत नाहीत. कायमचे दात काही महिन्यांनी, हाड जुळल्यावर.

मधला काळ नाजूक. सुरुवातीची पकड जुन्या हाडाची असते. ते विरघळत जातं, नवं अजून भरलेलं नसतं, आणि साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पकड सगळ्यात कमी होते. रुग्णाला मात्र तेव्हाच एकदम बरं वाटायला लागलेलं असतं.

*

वर लिहिलेलं मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी चुकले. एका मावशींना "मऊच खा" म्हणून पाठवलं. चौथ्या आठवड्यात तात्पुरता पूल मधोमध तडकून आल्या. काय खाल्लं? "भाकरीच तर. तव्यावरची, अगदी मऊ होती." ज्वारीची ताजी भाकरी खरंच मऊ असते, मी सांगितलेलं त्यांनी पाळलंच होतं. त्यांची माफी मागितली. स्क्रू वाचले, पूल नवा करून दिला. तेव्हापासून 'मऊ' हा शब्द चिठ्ठीवर लिहीत नाही. पेज, मऊभात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली पोळी, केळं, अशी नावं लिहिते आणि शेवटी 'भाकरी, चिक्की, ऊस दोन महिने नाही'.

*

पन्नाशीचे एक गृहस्थ, सगळे दात काढून चारांवर पूल करा म्हणून हटून बसले. पुढचे सहा दात चांगले घट्ट. नाही म्हटलं. हाडाला आपल्या दाताच्या मुळासारखा सोबती दुसरा नाही.

*

ज्यांना चार परवडत नाहीत त्यांना 'मग कवळीच' असं सांगून परत पाठवू नये. खाली दोनच इम्प्लांट आणि त्यांवर बटणासारखी बसणारी, काढता येणारी कवळी. दात अजिबात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी किमान एवढं तरी मिळावं, असं माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी 2002 मध्येच म्हटलं होतं.

*

पुलाखालची सफाई. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतीची हिरडी सुजते, हाड उतरतं, आणि दुखत नसल्यामुळे कळतही नाही. त्यात तंबाखू, मिश्री, आटोक्यात नसलेली साखर असली की धोका आणखी वाढतो. पुलाखालून रोज धागा फिरवायला हवा. सुरुवातीच्या त्या आजींना चारांवरचा पूल बसवून आता आठ महिने झाले. धाग्याचं कडक टोक त्यांना देऊन दाखवायला लागले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. देवळाबाहेर चाळीस वर्षं गजरे ओवलेत. आरसा न बघता टोक पुलाखाली घातलं, आतून जिभेनं पुढे लोटलं, पलीकडून दोन बोटांत धरून धागा हलकेच मागेपुढे ओढला. धाग्याला कोथिंबिरीचं पान चिकटून आलं. ते उजेडात धरून म्हणाल्या, "सकाळच्या पोह्यांतली. बघा, सुईपेक्षा सोपं आहे."