पचमढीच्या कडेकडेने

डोंगर चढावयाचा आणि दरी पाहावयाची, असा आपल्या मराठी प्रवाशांचा सर्वसाधारण रिवाज आहे. सह्याद्रीच्या गडकोटांवर ज्यांची पावले तयार झाली, त्यांना तो स्वाभाविकच वाटणार. तेथे चढण आधी आणि विसावा नंतर. सातपुड्यातील पचमढीला मात्र हा क्रम बदलतो. पिपरियाहून निघालेली मोटार प्रवाशाला आयतीच पठारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर आणून सोडते. सालवृक्षांच्या सावलीतून सपाट वाट सुरू होते आणि मग, कसलीही पूर्वसूचना न देता, पायांपुढची जमीनच संपते. पलीकडचा कडा हाकेच्या अंतरावर दिसतो. मधे किती खोल आहे ते मात्र कळत नाही. खालून पाण्याचा आवाज तेवढा येतो. येथील लोक या घळींना ‘खोह’ म्हणतात. अशा खोहांच्या कडेकडेने, पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालण्याचा योग इंदूरच्या आम्हां चार शिक्षकांना गेल्या नागपंचमीच्या सुमारास आला. त्या वाटेविषयी, आणि तिच्याशी आपल्या समाजाचे जे नाते आहे त्याविषयी, चार शब्द येथे लिहावेसे वाटतात.

पचमढीचा खडक सह्याद्रीसारखा काळा कातळ नव्हे. तो वालुकाश्म आहे. वीस कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी नद्यांनी वाहून आणलेली वाळू आणि गोटे थरावर थर साचून तो घडला. या दगडाचा स्वभाव पाणी पिण्याचा. पाऊस त्याच्या भेगांतून झिरपतो, सुटलेले कण प्रवाहाबरोबर निघून जातात, भेग रुंदावते, आणि लक्षावधी वर्षांनी तिची अरुंद व खोल घळ होते. हांडी खोहची खोली सुमारे ३०० फूट सांगितली जाते. तळाशी सूर्यप्रकाश क्वचितच पोहोचतो, त्यामुळे तेथे ओलसर गारव्यात वृक्षनेचे वाढतात. वर कडेवर मात्र दगड उघडा आणि तहानलेला. म्हणजे पाणी कानांना ऐकू येते, पण तांब्यात येत नाही. कडेने चालणाराने ही गोष्ट निघण्यापूर्वीच ध्यानी धरली पाहिजे. आम्ही प्रत्येकी तीन लिटर पाणी पाठीवर घेतले होते आणि ते पावसाळ्यातही पुरवून प्यावे लागले.

पचमढी म्हटले की इंग्रजांची आठवण काढण्याची प्रथा आहे. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६२ मध्ये येथे ‘बायसन लॉज’ बांधले, त्याचा मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे नागपूरचे सरकार उन्हाळ्यात आपले दप्तर घेऊन येथे येऊ लागले. हे सारे खरेच. परंतु फोर्सिथ येण्यापूर्वी कोरकू लोक या रानात नांदत होते आणि महादेवाच्या यात्रेकरूंनी या डोंगरातल्या वाटा पायांखाली घातल्या होत्या. त्या यात्रेचे वर्णन खुद्द फोर्सिथनेच आपल्या ग्रंथात केले आहे. विदर्भातील भाविकांचा हा ‘मोठा महादेव’. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन ते चौरागडाच्या तेराशेच्या आसपास पायऱ्या चढतात. छिंदवाड्याकडून पायी येणाऱ्यांची ‘पहिली पायरी’ दूर जुन्नारदेवला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. देव मध्य प्रदेशात राहिला आणि भक्त तेव्हाच्या मुंबई राज्यात व १९६० नंतर महाराष्ट्रात गेले. यात्रा मात्र त्या रेषेपाशी थांबली नाही.

श्रावणातली नागद्वारीची यात्रा ही तिचीच धाकटी बहीण. ही वाट व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जाते, म्हणून एरवी ती बंद असते आणि नागपंचमीच्या आधी सुमारे दहा दिवस तेवढी उघडते. आमची पहिली रात्र गावाजवळ, परवानगीच्या मैदानावर तंबूत गेली. तंबूसाठी जागा निवडताना आम्ही दोन गोष्टी पाहिल्या. पाणी अंगावर येणार नाही असा किंचित उतार असावा, आणि कडा नजरेच्या टप्प्यात असला तरी पावलांच्या टप्प्यात नसावा. रात्री उठणारा माणूस अर्धवट झोपेत असतो, आणि वालुकाश्माच्या कडेवरील सुटी वाळू पायाखालून दाण्यांसारखी निसटते. रात्रभर ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. पहाटे तो थांबला आणि दरीतून शीळकरी कस्तुराची लांबलचक शीळ वर आली. सह्याद्रीत ऐकलेला हा पक्षी येथेही भेटावा, आणि उजाडल्यावर झाडावरून शेकरूने उडी घ्यावी, याचा आनंद काही वेगळाच. पश्चिम घाटातले हे जीव इतक्या दूर, या डोंगरांच्या ओलाव्यात टिकून राहिले आहेत.

सकाळी वाटेला लागलो तेव्हा धुके इतके दाट होते की पुढच्या माणसाची सॅक दिसे, माणूस दिसत नसे. उजवीकडे ओला खडक, डावीकडे केवळ पांढरेपणा. त्या पांढरेपणाला तळ किती खोल, हे न कळल्यामुळेच बहुधा आमच्यापैकी कोणीही बोलत नव्हते. इतक्यात मागून ‘हर हर महादेव’ असा घोष आला. पुढून, बऱ्याच अंतरावरून, त्याला उत्तर मिळाले. त्याच्याही पुढून तिसरे. आम्ही आजवर या घोषाला केवळ भक्तीचा उद्गार समजत आलो होतो. त्या कडेवर उमगले की ती धुक्यातली दोरी आहे. वळणावर पोहोचलेली टोळी घोष करते आणि मागच्याला वाट कोठे वळली ते कळते. ज्या ठिकाणाहून उत्तर येत नाही, तेथे थांबून माणसे मोजली जातात. कोणत्याही शिबिरात शिकविला जावा असा हा नियम त्या साध्या शेतकरी माणसांना कोणी शिकविलेला नव्हता.

त्यांच्या पाठीवरचे ओझेही आम्ही निरखून पाहिले. एक घोंगडी, दशम्या, तिळाची चटणी, फुटाणे आणि पाण्याचा कॅन; बस्स. आमच्या सॅकमध्ये याच्या दुप्पट वजन होते. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे पाठीवर असू नये, असे जाणते लोक सांगतात. लोखंडी शिड्यांच्या जागी, तोल सांभाळताना, त्यामागचे कारण पटते.

पद्मशेषची गुहा पाहून आम्ही काजलीला सेवा मंडळाच्या राहुटीत मुक्कामाला पोहोचलो. चुलीपाशी अमरावतीकडची एक वृद्ध माय भाकरीचा तुकडा चहात बुडवून खात होती. आमचे बोलणे ऐकून तिने विचारले, “कुठचे जी तुमी?”

“इंदूरचे, माय.”

“आन् मराठी बोलता?”

चार-पाच पिढ्यांपासून तिकडेच आहोत, घरात मराठीच बोलतो, असे आम्ही सांगितले. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मंग त तुमी देवाच्या गावचे झाले, भाऊ. आमी पाव्हणे.”

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला आपण कोठले, हा प्रश्न जन्मभर विचारला जातो. येथे आम्हांला पाहुणे म्हणतात आणि तिकडे गेलो तर परके. त्या रात्री राहुटीत पडल्यापडल्या जाणवले की या मायने आम्हांला यजमान केले होते, आणि यजमानाला काही कर्तव्ये असतात.

दुसऱ्या दिवशीच्या उजेडात ती कर्तव्ये स्पष्ट दिसली. वाटेच्या कडेला, कपारींत, झऱ्यांच्या तोंडाशी प्लास्टिकच्या पिशव्या, पेले आणि बाटल्या अडकल्या होत्या. वालुकाश्मावर पडलेला पाऊस त्यांना घळीत ढकलतो. आणि त्या घळींत उतरून त्या वेचणे कोणालाही शक्य नाही. घळींचे पाणी देनवा आणि तिच्या भगिनी नद्यांतून तवेला मिळते, तवा नर्मदेला मिळते, आणि १९७८ पासून नर्मदेचेच पाणी इंदूरच्या नळांना येते. म्हणजे पचमढीच्या कडेवरून सुटलेली गोष्ट अखेर आपल्याच उंबरठ्याशी येते. शिवाय ही वाट वर्षातून दहाच दिवस उघडते. रान मलिन होत गेले तर ते दहा दिवसही राहतील, याची शाश्वती कोणी द्यावी? ज्यांचे आजे-पणजे पायी येथे आले, त्यांच्या नातवंडांना ही वाट केवळ ऐकून माहीत असावी, हे आपणांस मानवणार आहे काय?

ज्या वाचकांना जावेसे वाटेल, त्यांच्यासाठी थोडी माहिती. इंदूरहून भोपाळ, इटारसीमार्गे पिपरिया गाठावे. तेथून मट्कुलीवरून पचमढीचा घाट सुमारे पन्नास किलोमीटरांचा आहे. श्रावणातली वाट न झेपणाऱ्या वडील मंडळींनी हिवाळ्यात यावे आणि प्रियदर्शिनीच्या कठड्यापाशी उभे राहून चौरागड, महादेव व धूपगड ही तिन्ही शिखरे एका दृष्टीत पाहावीत. धूपगड १३५२ मीटर, मध्य प्रदेशातले सर्वांत उंच. कोरड्या दिवसांत कड्यांना आग्या मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात, म्हणून कडेजवळ धूर करू नये, विडी-सिगारेट पेटवू नये आणि मुलांना दगड भिरकावू देऊ नये. रानात मनाला येईल तेथे तंबू ठोकू नये. परवानगीच्या जागीच मुक्काम करावा.

आम्ही चौघांनी परतीच्या वाटेवर दोन पोती कचरा गोळा करून पठारावर आणला. ओझे जड नव्हते, फक्त शिड्यांवर गैरसोयीचे होते. आमचे पाहून मागून येणाऱ्या टोळीतील दोन तरुणांनी आपापल्या रिकाम्या पिशव्या भरून घेतल्या. येत्या नागपंचमीला इंदूर, भोपाळ, जबलपूर येथील आपल्या मंडळांनी दहा-दहा तरुणांची एकेक तुकडी या वाटेवर पाठवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. सोबत दशम्या, पाणी आणि रिकामी पोती असली म्हणजे पुरे. विदर्भातून पाहुणे येतीलच; घर झाडलेले असावे.