त्रेसष्टमधले साठ

मूल मोजायला शिकले म्हणजे नेमके काय शिकले, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. एक ते वीस हे शब्द क्रमाने म्हणता येणे ही एक गोष्ट, आणि 'चार' या शब्दाने किती वस्तू सांगितल्या जातात हे कळणे ही दुसरी. या दोहोंमध्ये बरेच महिने जातात, आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या ते बहुधा लक्षातही येत नाही.

माझ्या नातीच्या बाबतीत हे अंतर मला फार जवळून पाहायला मिळाले. तीन वर्षांची असताना ती वीसपर्यंतचे आकडे न अडखळता म्हणत असे. शेंगदाण्यांची वाटी पुढे ठेवून 'एक दे' म्हटले की एक मिळे, 'दोन दे' म्हटले की दोन. पण 'चार दे' म्हटले की मुठीत मावतील तेवढे दाणे माझ्या तळहातावर पडत. कॅरन विन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९०च्या सुमारास अशाच चाचण्यांतून दाखवले, की मुले आधी 'एक'चा अर्थ शिकतात, काही महिन्यांनी 'दोन'चा, मग 'तीन'चा. आणि त्यानंतर एका टप्प्यावर पुढचे आकडे जणू एकदम उलगडतात. मोजताना शेवटी उच्चारलेला शब्द हीच त्या समूहाची संख्या, हे तत्त्व तेव्हा हाती आलेले असते. तोवर 'एक, दोन, तीन, चार' ही मुलासाठी जवळजवळ बडबडगीताची ओळ असते.

याचा अर्थ तोपर्यंत मेंदूची पाटी कोरी असते असा नव्हे. विन यांनीच १९९२ साली पाच महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. बाळाच्या समोर एक बाहुली ठेवायची, ती पडद्याआड झाकायची, बाळाच्या देखत तिथे दुसरी बाहुली न्यायची आणि मग पडदा दूर करायचा. दोनऐवजी एकच बाहुली दिसली, तर बाळे अधिक वेळ टक लावून पाहत. या निरीक्षणाच्या अर्थाविषयी पुढे वाद झाले. तरी सहा महिन्यांच्या बाळांना ८ आणि १६ ठिपक्यांमधला फरक जाणवतो, ८ आणि १२ मधला मात्र जाणवत नाही, हे २००० साली दिसून आले. म्हणजे जन्मजात भांडवल आहे, पण ते अंदाजाचे आहे. फरक पुरेसा ठळक असला तरच ते उपयोगी पडते. मेंदूच्या पॅरायटल खंडातील एका खाचेशी या जाणिवेचा संबंध असल्याचे स्तानिस्लास दहेन आणि इतर संशोधकांनी दाखवले आहे.

मग अंदाजाकडून अचूकतेकडे मूल जाते कशाच्या आधाराने? याचे एक उत्तर ॲमेझॉनच्या जंगलातून आले. मुंडुरुकू जमातीच्या भाषेत साधारण पाचपर्यंतच संख्यावाचक शब्द आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ठिपक्यांच्या मोठ्या समूहांची तुलना ही माणसे फ्रेंच माणसांसारखीच करतात; परंतु अगदी लहान आकड्यांपलीकडे नेमकी वजाबाकी करायची वेळ आली की ती अंदाजावर येतात. यात बुद्धीचे उणेपण नाही. नेमकी संख्या मनात धरून ठेवायला मुठीसारखे काहीतरी लागते, आणि ती मूठ म्हणजे शब्द.

इथे मराठी माणसाने थोडे थांबायला हवे, कारण आपल्या मुठीची घडण मोठी विचित्र आहे. 'दोन' हा आकडा पुढे बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी असा बा, ब, बे, ब्या अशी सोंगे घेत फिरतो. 'पन्नास' हे एक्कावन्नमध्ये 'वन्न' होते, तर छप्पन्नमध्ये 'पन्न'. एकोणतीस समजायला तिसातून एक वजा करावा लागतो, आणि ही रीत एकोणनव्वदपर्यंत पाळून आपण नव्याण्णवला ती सोडून देतो. शिवाय सगळा क्रमच उलटा: त्रेसष्ट म्हणताना तीन आधी आणि साठ नंतर, लिहिताना मात्र सहा आधी. माझी नात पहिलीत असताना 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहीत असे. तिने ऐकले ते प्रामाणिकपणे, ज्या क्रमाने ऐकले त्याच क्रमाने लिहिले.

जर्मन भाषेतही एकक आधी आणि दशक नंतर येते, आणि तिथल्या पहिलीच्या मुलांकडून अशाच चुका होतात. त्याहून बोलका दाखला चेक भाषेचा आहे. तिथे संख्या दोन्ही प्रकारे म्हणण्याची पद्धत आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच मुलांना दोन्ही प्रकारांनी आकडे सांगून लिहायला लावले, तेव्हा उलट्या क्रमाने सांगितलेल्या आकड्यांत चुका अधिक झाल्या. मुले तीच, शाळा तीच, बदलला तो फक्त शब्दांचा क्रम.

म्हणूनच २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील संख्यावाचनावरून उठलेले वादळ मला आजही विसरता येत नाही. 'साठ तीन' अशा वाचनाचा पर्याय त्या पुस्तकाने दिला होता. त्रेसष्ट हद्दपार केले नव्हते. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका शांतपणे मांडली: जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने अनेक मुले सुरुवातीलाच बिचकतात, आणि कन्नड, तेलुगूसारख्या भाषांत दशक आधी म्हणण्याची रीत आहेच. उत्तरादाखल आले ते मुख्यतः विनोद, आणि भाषा बुडाल्याचा आकांत. नॉर्वेने १९५१ साली अधिकृतरीत्या हाच बदल केला. तिथली भाषा बुडाली नाही, आणि बोलण्यातून जुनी रीतही पुरती गेली नाही.

त्रेसष्ट, अठ्ठ्याऐंशी, शहाण्णव या शब्दांवर माझे प्रेम आहे. त्यांच्यात संस्कृत-प्राकृतापासूनची वाट शाबूत आहे. पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी, औटकी म्हणणारी पिढी मी पाहिली आहे, आणि पाठांतराला मी कमी लेखत नाही. विनोद मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की सात ते नऊ वर्षांची मुले बोटांवर मोजणे सोडून उत्तर थेट आठवू लागतात, तेव्हा त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस अधिक कामाला लागतो. आठवण आणि समज यांचे वैर नाही. पाढा पाठ असला की विचाराला जागा मोकळी होते. पण पाठ केलेल्या शब्दाच्या आत काय आहे हे कधीतरी उघडून दाखवावे लागते, आणि त्रेसष्टमधले साठ आपोआप दिसत नाहीत.

ज्या घरात संध्याकाळी मुलाला जवळ घेऊन 'त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन' असे सांगणारे कुणी आहे, तिथे हा अडसर आठवड्याभरात दूर होतो. माझ्या नातीचा तसाच झाला. परंतु ज्या मुलाच्या घरी कोरकू किंवा गोंडी बोलतात, किंवा जिथे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, तिथे ३६ आणि ६३ मधला घोळ वजाबाकीत जातो, तिथून भागाकारात, आणि शेवटी 'मला गणित येत नाही' या वाक्यात जाऊन बसतो. आपल्या भाषेचे वैभव जपण्याची किंमत मोजणारे मूल बहुधा आपल्या घरचे नसते. दोन शब्द शेजारी ठेवायचे, 'साठ तीन, त्रेसष्ट', एवढीच ही मागणी होती. ज्या भाषेने औटकी सांभाळली, तिला हा भार जड होण्याचे कारण नाही.