अहमदपूरच्या वाटेवरची गोडी

लातूरहून नांदेडला निघाले की चाकूरनंतर अहमदपूर लागते, पुढे लोहा आणि मग नांदेड. बालाघाटच्या डोंगररांगेतला हा तालुका. काही ठिकाणी काळी जमीन, काही ठिकाणी नुसता मुरमाड माळ. पाऊस बेभरवशाचा. हिवाळ्यात या रस्त्यावर दोन प्रकारच्या गाड्या हमखास दिसतात. काही ट्रॅक्टर उसाने शिगोशीग भरलेले असतात. काहींवर भांडीकुंडी, अंथरुणे, शेळ्या आणि लहान मुले असतात. ती ऊसतोडीला निघालेली कुटुंबे.

नवरा-बायकोच्या अशा जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने पाचटाच्या खोपीत राहून ती फेडायची, असा हा व्यवहार. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. म्हणून बाई दुखणे अंगावर काढते. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मांडली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. आपल्या चहातल्या साखरेमागे हेही आहे.

दुसरी किंमत पाण्याची. एक किलो साखरेमागे साधारण दोन हजार लिटर पाणी लागते, असा हिशेब तज्ज्ञ मांडतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच जिल्ह्यात ऊसही उभा होता.

मग साखर सोडून गूळ खावा का? या भागात गुऱ्हाळ सुरू असले की वास लांबूनच येतो. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत उकळत असतो आणि चुलाणात उसाचीच चिपाडे जळत असतात. रानभेंडीचा चिकट रस टाकला की मळी वर येते, ती झाऱ्याने काढतात. आधी काकवी होते, मग गुळव्या डोळ्यांच्या अंदाजाने पाक ओळखतो आणि ढेपी पाडतो. शंभर किलो उसातून दहा-बारा किलो गूळ निघतो. काम माणसांच्या नजरेसमोर चालते आणि पैसा गावात राहतो, हा गुळाचा मोठा गुण.

पण बाजारात पिवळाधमक गूळ मागितला जातो. तो रंग यावा म्हणून काही ठिकाणी हायड्रोस पावडर घालतात. गिऱ्हाईक रंग पाहून भाव देते, तोवर ही पावडर थांबणार नाही. रसायन न घातलेला गूळ बहुधा तांबूस-काळपट असतो आणि पावसाळ्यात लवकर पाझरतो. त्यात लोह आणि इतर खनिजे थोडी अधिक असतात, पण बाकी तो साखरच आहे. मधुमेह असलेल्या अम्मी-अब्बांनी ‘गूळ चालतो’ म्हणून वाटीभर खाऊ नये. शिवाय गुळाचा ऊसही कोणाच्या तरी कोयत्यानेच तुटतो. म्हणून साखरेच्या जागी तेवढाच गूळ घातला म्हणजे प्रश्न मिटला, असे होत नाही. गोड कमीच करायला हवे.

आणि इथे अहमदपूरचा माळ आपल्या मदतीला येतो. तीळ, भुईमूग, ज्वारी ही कमी पाण्याची पिके. बालाघाटच्या उतारावर सीताफळ तर जवळजवळ आपोआप येते. त्याचा पाला शेळ्याही खात नाहीत, म्हणून कुंपण लागत नाही. बीडच्या बालाघाटातल्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पावसाळा सरता सरता बाया टोपल्या भरून रस्त्याच्या कडेला बसतात. आटवलेल्या दुधात, गार झाल्यावर, सीताफळाचा गर मिसळला तर चमचाभरही साखर लागत नाही. त्या बाईशी चार रुपयांसाठी घासाघीस केली नाही, तर ती रबडी आणखी गोड लागेल.

घरच्या दस्तरखानासाठी एक सोपा लाडू सांगते. एक वाटी शेंगदाणे आणि अर्धी वाटी तीळ वेगवेगळे खमंग भाजा. बिया काढलेले दहा-बारा मऊ खजूर घ्या. शेंगदाणे-तीळ जाडसर वाटून त्यात खजूर घाला आणि पुन्हा एकदा फिरवा. हाताला थोडे तूप लावून लाडू वळा. साखर नाही, गूळ नाही. रमजानमध्ये इफ्तारला एक आणि सहरीला एक पुरतो. मुलांच्या डब्यातही चालतो.

शीरखुर्म्याचेही तसेच. ‘शीर’ म्हणजे दूध आणि ‘खुर्मा’ म्हणजे खजूर. नावातच साखर नाही! खारका रात्रभर दुधात भिजवून बारीक चिरल्या आणि त्याच दुधात मंद आचेवर शिजवल्या, तर गोडी दुधात उतरते. मग साखर नेहमीच्या निम्मी घालून पाहा. पाहुण्यांच्या लक्षातही येत नाही. पुढच्या ईदला ती आणखी कमी होईल.

आपण हलालची चौकशी काळजीने करतो आणि ती करायलाच हवी. पण कुरआनात खाण्याच्या संदर्भात ‘हलाल’च्या जोडीने ‘तय्यिब’ हा शब्द येतो. तय्यिब म्हणजे स्वच्छ, चांगले, पाक. मजुराची मजुरी वेळेवर देण्याची ताकीदही आपल्याला प्रेषितांनी दिली आहे. बाई आजारी असताना तिच्याकडून तोडून घेतलेल्या उसाची मिठाई तय्यिब म्हणावी का, हा प्रश्न मुफ्तीसाहेबांच्या आधी आपण स्वतःलाच विचारू शकतो.

कारखाने आपण उद्या बदलू शकणार नाही. पण मोंढ्यात काळपट गूळ मागणे, गुऱ्हाळवाल्याला ‘पावडर घालता का’ असे विचारणे, घालत नसेल तर दोन रुपये जास्त देणे आणि ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबाच्या मुलांना शाळेत टिकवायला हात देणे, एवढे अहमदपुरातल्या कोणत्याही घराला जमण्यासारखे आहे. बरकत साखरेच्या पोत्यात नसते. ती कोणाचा हक्क न मारता ताटात आलेल्या घासात असते.