शेवटच्या बाकावरून

शाळेची सहल नगरच्या भुईकोट किल्ल्यावर गेली की सर आम्हांला तट आणि खंदक दाखवून म्हणत, "भिंत भक्कम आहेच; पण दारातून कोणाला येऊ द्यायचे, याचा हुकूम कोठे लिहिला आहे ते विचारा." या वाक्याचा अर्थ आम्हां दोघा माजी विद्यार्थ्यांना फार उशिरा कळला.

वसतिगृहातील इंटरनेटसाठी फायरवॉल बसविण्याचे काम शाळेने आमच्याकडे सोपविले. लिनक्सवरील 'एनएफटेबल्स' आम्ही निवडले. पूर्वी प्रत्येक संगणकासाठी वेगळा नियम होता. आम्ही पत्त्यांचे तीन गट केले : कार्यालय, प्रयोगशाळा, वसतिगृह. 'एनएफटी ॲड सेट' या आज्ञेने गट निर्माण होतो, 'एनएफटी ॲड एलिमेंट'ने त्यात पत्ते येतात. वसतिगृहाच्या गटात १९२.१६८.२०.०/२४ ही २५६ पत्त्यांची सलग मालिका घातली; त्यासाठी गट करतानाच 'इंटरव्हल' हा निर्देश द्यावा लागतो. मग एका गटाला एकच नियम पुरला. समाधानाने आम्ही पुण्याला परतलो.

त्या रात्री वीज गेली. सकाळच्या वंदनेनंतर अकरावीतील एका विद्यार्थिनीचा फोन आला, "दादा, ऑफिसचे नेट चालू आहे, आमचेच बंद का? आज शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस आहे."

चूक आमची होती. आज्ञा दिल्या, त्या केवळ चालू स्मृतीत राहिल्या. यंत्र पुन्हा सुरू होताना फाइलमधील नियम वाचते आणि फाइलमध्ये जुनेच नियम होते. त्यांत वसतिगृहाचे नावच नव्हते. सरांना शेजारी बसवून त्या मुलीने आम्ही सांगू तशी एकेक आज्ञा अक्षर अक्षर टंकली. शेवटी 'एनएफटी लिस्ट रूलसेट'ने सर्व नियम डोळ्यांखालून घातले, ते फाइलमध्ये उतरविले आणि आरंभी 'फ्लश रूलसेट' ही ओळ लिहिली. सायंकाळपर्यंत महाडीबीटीवर सर्वांचे अर्ज गेले.

आमचे स्वतःचे शिक्षण अशाच अर्जावर झाले आहे. तो एक दिवस हुकला असता तर आम्ही आज कोठे असतो, हा विचार अजून अस्वस्थ करतो.

आता काम संपले की आम्ही यंत्र स्वतः बंद करून पुन्हा सुरू करतो. नंतर कार्यालयात नव्हे, वसतिगृहाच्या शेवटच्या बाकावर बसून पाहतो. तेथे दार उघडले, तरच घरी निघतो.