दारी फुललेला तरवड

दारात एखादे फुलझाड असावे, ही इच्छा गरीब-श्रीमंत सर्वांनाच असते. मात्र आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात वैशाखाचे ऊन ४५ अंशांच्या आसपास पोहोचले, म्हणजे या इच्छेची खरी कसोटी लागते. विहिरी तळ गाठतात आणि झाडाला घातलेला प्रत्येक तांब्या कोणाच्या तरी डोक्यावरून आलेला असतो. आमच्या दारच्या गुलाबाला उन्हाळ्यात रोज दोन घागरी लागत. त्या माझी पत्नी आणी. अखेर एका कडक उन्हाळ्यात तो गुलाब वाळून गेला.

त्याच सुमारास आमच्या धाकट्या मुलीने एका पुस्तकात युरोपातील 'ब्रूम' या झुडपाचे चित्र पाहिले. ठेंगणे, भरगच्च आणि पिवळ्या फुलांनी डवरलेले! तसेच झाड हवे, असा तिने हट्ट धरला. परंतु ते थंड हवेचे झाड. निलगिरी पर्वतावर ते परदेशातून आणले गेले आणि तेथे इतके माजले की मूळच्या कुरणांना जाचक ठरले. आमच्या तापलेल्या भूमीत ते तग धरणार नाही.

मी तिला गावाबाहेरच्या माळावर नेऊन तरवड दाखविला. आमचे तेलुगू शेजारी त्याला 'तंगेडू' म्हणतात. ब्रूमप्रमाणेच तोही शेंगा धरणाऱ्या कुळातला. फुलेही तशीच सोनपिवळी. त्याच्या सालीचा उपयोग कातडी कमावण्यासाठी होत आला आहे. आश्विनात बतुकम्मा रचताना स्त्रिया कुरडूच्या जोडीने हीच फुले घेतात. २०१४ साली तेलंगणाने त्याला राज्यपुष्पाचा मान दिला.

शेजारणी हसल्या, "माळावरचे झाड कोणी दारात लावते काय?" पत्नी शांतपणे म्हणाली, "ज्याला माझी घागर लागत नाही, ते मला दारी शोभेल."

तरवडाचे बी टणक असते. ते गरम पाण्यात रात्रभर भिजवावे आणि पावसाच्या आरंभी जागेवरच पेरावे. मूळ खोल जाते, म्हणून रोप हलविणे त्याला मानवत नाही. जागा भरपूर उन्हाची व निचऱ्याची हवी. काळ्या जमिनीत मुरमाचा उंचवटा करावा. पहिल्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेले पाणी अधूनमधून द्यावे. पुढे त्याचीही फारशी गरज राहत नाही. बहर ओसरल्यावर शेंडे छाटले, म्हणजे झुडूप कमरेएवढे व दाट राहते. गुरे सहसा त्याला तोंड लावीत नाहीत. मुख्य बहर पावसाळ्यानंतरचा. पण मुरलेले झाड ऐन उन्हातही फुलते.

पवित्र शास्त्रात एलिया संदेष्टा थकूनभागून रानात ज्या झुडपाखाली निजला, ते रतामही ब्रूमचाच एक प्रकार होय. रुक्ष भूमीत देवाने अशी झाडे आधीच लावून ठेविली आहेत. प्रिय वाचकहो, त्यांतलेच एखादे आपण दारी आणावे. घराची शोभा घरातल्याच कोणाच्या मानेवर भार होऊन राहू नये.